शब्द सापडत नाही? आधी धातू काढा

आज रत्नागिरीत अरबीच्या वर्गात मोबाइलवरचा कोश सारखा 'सापडला नाही' म्हणत होता. दोष कोशाचा नाही. 'वसयक्तुबूनहा', म्हणजे 'आणि ते ती लिहितील', असा अख्खा शब्द टाकला की बरेच कोश अडतात. पुढचे व, स, य आणि मागचे ऊन, हा सोलून काढा, उरतं क-त-ब. हाच धातू, म्हणजे शब्दाची मूळ अक्षरं. हान्स वेअर या जर्मन अभ्यासकाचा अरबी कोश धातूंप्रमाणेच लावलेला, म्हणून किताब, मकतब, कातिब एकाच जागी भेटतात. किती ओळखीचे शब्द!

'काला' (म्हणाला) मात्र फसवतो: धातू क-व-ल, मधला 'व' 'आ' झालेला.

अरबी कीबोर्ड लावाच. अरबीत दोन वेगळे 'क' आहेत. देवनागरीत ते सारखेच दिसतात, पण अरबीत एक 'कल्ब' म्हणजे हृदय, दुसरा म्हणजे कुत्रा. आणि पावसात रेंज जाते, कोश आधीच उतरवून ठेवा.