रक्त न येणाऱ्या हिरड्या

सिगारेट ओढणाऱ्या पेशंटच्या हिरड्या वरवर पाहिल्या तर बऱ्याचदा ठीकच दिसतात. लाली फारशी नाही, ब्रश करताना रक्त नाही. "डॉक्टर, हिरड्यांचा मला कधीच त्रास नाही," असं ते अगदी खरेपणाने सांगतात. मग मी प्रोब घेते. मिलिमीटरच्या खुणा असलेली ही बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवायची. निरोगी तोंडात ती 1 ते 3 मिलिमीटरवर थांबते. यांच्या तोंडात, विशेषतः वरच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूला, 6-7 पर्यंत खाली जाते. एक्स-रे काढला की दाताभोवतीचं हाड झिजलेलं दिसतं.

आत एवढा दाह, म्हणजे सूज, असून रक्त का येत नाही? निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि वर्षानुवर्षं धूर लागला की हिरडीतलं त्यांचं जाळंच विरळ होतं. लाली आणि रक्त या शरीराच्या हाका असतात. धूर दुखणं तर देतोच, वर हाक मारणाऱ्याचं तोंडही दाबून धरतो. सिगारेटची मला सगळ्यात जास्त चीड येते ती यासाठी.

खाली फुप्फुसात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. धुरात 7,000 हून जास्त रसायनं असतात. ती वायुकोशात पोचली की तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, मदतीला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावतात. न्यूट्रोफिल इलास्टेज नावाचं विकर सोडतात, आणि ते जंतूंबरोबर फुप्फुसाचे लवचीक तंतूही तोडतं. त्याला आवर घालायला यकृतात अल्फा-1 अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन तयार होतं. ते जन्मतःच कमी असलेल्या लोकांची नोंद 1963 मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी केली. त्यातल्या काहींची फुप्फुसं कमी वयातच निकामी होत चालली होती. सिगारेटचा धूर काय करतो, तर हेच प्रथिन जागच्या जागी बिघडवून टाकतो. तोडणाऱ्या पेशी वाढल्या आणि आवरणारं प्रथिन लंगडं झालं, की वायुकोशांच्या भिंती फाटत जातात. फाटलेली भिंत पुन्हा बांधली जात नाही.

हे सगळं छातीपुरतंही राहत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी, सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन), फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) चढलेले सापडतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, गुठळी व्हायला सोपं जातं. "मी दिवसाला एकच ओढतो" म्हणणारे खूप भेटतात. त्यांना मी 2018 सालचा एक मोठा अभ्यास सांगते: दिवसाला 20 सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा साधारण निम्मा भाग एका सिगारेटनेही येतो.

आता सोडणाऱ्यांविषयी, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते. सिगारेट सुटली की काही आठवड्यांत बऱ्याच जणांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागतं, कारण दाबून धरलेली हाक पुन्हा ऐकू यायला लागते. खोकलाही काहींचा वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलायला लागून साठलेला कफ वर ढकलतात. माणूस घाबरतो. "ओढत होतो तेव्हा बरा होतो" म्हणत परत पाकिटाकडे वळतो. म्हणून हे पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगायला हवं. रक्त आलं तर ब्रश थांबवू नका, मऊ ब्रश घ्या, दातांवरचं कीटण काढून घ्या आणि हिरडीच्या फटीची खोली पुन्हा मोजून घ्या. पांढऱ्या पेशी काही आठवड्यांतच उतरायला लागतात, सीआरपीला मात्र काही वर्षं लागतात. खोकल्यात रक्त दिसलं किंवा धाप वाढली, तर ते या हिशेबात धरायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.