येण्याचं कारण

रविवार, रात्र

अर्ज सगळा भरून झालाय, एक रकाना सोडून. 'येण्याचं कारण'. तीन ओळींची जागा आहे. सकाळपासून कोरी.

ट्रिस्टन दा कुन्हा, दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटिश बेट. तिथं पैसे भरले आणि निघालो, असं नसतं. विमानतळ नाही. आधी बेटाच्या कौन्सिलची परवानगी, मग बोटीत जागा. कोण तुम्ही, किती दिवस राहणार, आणि का. अडीचशेच्या आतलं गाव, त्यांनी विचारू नये तर कोणी विचारावं? कळतं हे. तरी टोचलं. आपल्याकडे पाहुण्याला दारात कोणी 'काहून आले?' म्हणत नाही. तर्रीपोहे पोटात गेल्यावर विचारतात, तेही आडून.

बाकीचं तोंडपाठ आहे. केपटाऊनहून अंदाजे २८०० किलोमीटर, म्हणजे आपला समृद्धी चार वेळा, पण ताशी साडेअठराच्या वेगानं. दहा नॉटची बोट दिवसाला साडेचारशे किलोमीटर कापते, हिशेबानं सव्वासहा दिवस. जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर, म्हणून सात धरायचे. मासेमारीच्या बोटीत प्रवासी बारा, आणि त्या बारांत पर्यटक शेवटच्या नंबरावर. बेटावरचा पेशंट निघाला की आपलं नाव खाली. उलटीची गोळी बोट हलायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

पोचलो म्हणजे उतरलो, असंही नाही. १९६१ च्या ज्वालामुखीनं उतरायचे जुने किनारे गिळले. नंतर बांधलेलं कॅलशॉट बंदर एवढंसं, मोठी बोट आत शिरत नाही. बाहेर नांगर टाकून लाट बसायची वाट बघायची, मग दोरीच्या शिडीनं छोट्या बोटीत. ती लाटेबरोबर वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना कधीच नाही. समोर घरांची छपरं दिसतायत आणि आपण दिवसचे दिवस डोलतोय, असं होतं.

फसायची खरी जागा व्हिसा. दक्षिण आफ्रिकेचा एकाच प्रवेशाचा घेतला तर केपटाऊनला बोटीत चढतानाच तो संपला. परत त्याच धक्क्यावर उतरायला दुसरा लागतो, आणि तो बेटावर कोण देणार? म्हणून अनेक प्रवेशांचा, मुदत परतीच्या तारखेच्या पुष्कळ पुढची. पौंड रोख न्यायचे, एटीएम नाही. बुटांचे तळवे, बॅगेचे खिसे, जाकिटाचं वेल्क्रो घासून साफ, बाहेरचं बी बेटावर नको म्हणून कुसळ अडकलेलं चालत नाही.

हे सगळं येतं. 'का' तेवढं येत नाही.

'पर्यटन' लिहिलं, खोडलं. 'निसर्ग' लिहिलं. मग ताडोबानं काय घोडं मारलंय? 'एकांत' लिहिलं आणि लाजच वाटली. तिथं शाळा आहे, दवाखाना आहे, बार आहे. लोकांच्या नांदत्या गावाला एकांत म्हणायचं, आणि वर तो बघायला त्यांचीच परवानगी मागायची.

जवळचा समुद्रसुद्धा साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे, अशा गावात जन्मलेल्या माणसानं बेटांचा नाद करूच नये. झिरो माईलच्या घोड्यांसमोरून रोज जायचं, आणि त्या खांबापासून सगळंच लांब. बाबा असते तर... जाऊ दे.

वहिनी जेवताना म्हणाली, "एवढे पैसे घालून बटाटे पाहाले चालले का भाऊजी?" तेव्हा राग आला होता.

आता वाटतं, तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. वस्तीपासून चार-पाच किलोमीटरवर दगडी बांधांची लहान लहान वावरं आहेत, बटाट्यांची. रस्ता काय तो तेवढाच. १९४६ साली बेटासाठी टपाल तिकिटाचा नमुना केला, त्यावर किंमत एक पेनी आणि सोबत 'चार बटाटे'. ज्वालामुखीनंतर सगळं गाव इंग्लंडला नेलं. तिथं घरं होती, नोकऱ्या होत्या. १९६२ ला मतदान घेतलं, परत जायच्या बाजूनं १४८, राहायच्या बाजूनं ५. १९६३ ला बहुतेक सगळे परतले, त्या बांधांकडे. त्यांनाही तिथल्या शेजाऱ्यांनी विचारलंच असेल, काहून? तीन ओळींत मावलं असतं का त्यांचं तरी?

लिहून टाकलं: बटाट्याची शेतं पाहायला. एकच ओळ झाली, दोन कोऱ्या राहिल्या. वहिनीला सांगणार नाही, वर्षभर पुरवेल ती.

विम्याच्या कागदात 'आजारी माणसाला हलवण्याचा खर्च' आहे, पण बोटीनं केपटाऊनपर्यंत धरलाय का, ते लिहिलेलं नाही. उद्या अकरानंतर फोन.