दारावरची तीन अक्षरे

न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६० च्या दशकात काही जुन्या कारखान्यांच्या दाराशी ‘ए. आय. आर.’ ही तीन अक्षरे आणि मजल्याचा क्रमांक लिहिलेली लहानशी पाटी असे. ‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’ची ती आद्याक्षरे. कारखान्यात राहणे बेकायदा होते, तरी चित्रकार आणि शिल्पकार राहत होतेच. तेव्हा आग लागलीच तर या मजल्यावर कोणी झोपलेले असू शकते, एवढे तरी अग्निशमन दलाला बाहेरूनच कळावे, म्हणून १९६१ मध्ये शहर प्रशासनाने ही तडजोड मान्य केली. कलावस्तीची पहिली सरकारी नोंद इतक्या रुक्ष कारणाने व्हावी, याची मला मोठी गंमत वाटते.

ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या या इमारती बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. जुने उद्योगधंदे तिथून उठू लागले, त्यात ब्रूम स्ट्रीटच्या बाजूने द्रुतगती महामार्ग काढण्याचा बेत वर्षानुवर्षे टांगता राहिल्यामुळे कोणी मालक दुरुस्तीला पैसा लावेना, आणि भाडी खाली आली. उंच छत, प्रशस्त खिडक्या आणि खांब सोडले तर सगळा मोकळा मजला. मोठा कॅनव्हास उभा करायला आणखी काय हवे? महामार्गाचा बेत १९६९ मध्ये बारगळला, १९७१ मध्ये प्रमाणित कलाकारांना तिथे राहण्याची कायदेशीर मुभा मिळाली आणि १९७३ मध्ये परिसर वारसाक्षेत्र ठरला.

मग कलादालने वाढली, पाठोपाठ उंची दुकाने आली, आणि १९९० च्या दशकात वाढत्या भाड्यांमुळे खुद्द कलादालनेच शहरातल्याच चेल्सी भागाकडे सरकली. याचे खापर दुकानदारांवर फोडले जाते. मला मात्र खरा प्रश्न मालकीचा वाटतो. कलाकार जॉर्ज मॅच्युनस यांनी १९६७ च्या सुमारास कलाकारांना एकत्र आणून सहकारी तत्त्वावर इमारती विकत घेण्याचा उद्योग आरंभला, तो याच जाणिवेतून. शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १९६८ मध्ये १०१, स्प्रिंग स्ट्रीट ही १८७० सालची पाच मजली इमारतच खरेदी केली आणि मजल्यामजल्यावर स्वतःच्या व इतरांच्या कलाकृती कायमच्या मांडल्या. जड १९९४ मध्ये वारले. जीर्णोद्धारानंतर २०१३ पासून ती मांडणी लोकांना पाहता येते. भोवतालची भाडी कितीही चढली, तरी तिला धक्का लागला नाही.

म्हणूनच एखाद्या जुन्या रस्त्याची ‘कलावस्ती’ होणार अशी बातमी आली, की भित्तिचित्रांची छायाचित्रे सोडून मी आधी वरच्या मजल्यांचे भाडेकरार किती वर्षांचे आहेत, हे शोधू लागतो. बातमीत ते बहुधा नसते.