वडगाव ते हलगा: एका माजी आमदाराच्या मतदारसंघातून

संभाजी पाटील आधी बेळगावचे महापौर, तेही एकाहून अधिक वेळा, आणि मग २०१३ साली, कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार म्हणून बेळगाव दक्षिणचे आमदार झाले. २०१९ मध्ये ते गेले. २०१३ ला खानापुरातून समितीचेच अरविंद पाटील निवडून आले होते. त्यानंतर समितीचा एकही माणूस विधानसभेत पोचलेला नाही. ज्या राज्यात राहायचंच नाही, त्याच राज्याच्या सभागृहात पाच वर्षं कशी काढायची, हा प्रश्न डोक्यात घेऊन कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वरमार्गे मी बेळगाव गाठलं.

पहिल्यांदा वडगावला गेलो. हा भाग विणकरांचा. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड सुरू होते आणि बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो. एका दुकानाची पाटी नुकतीच रंगवलेली दिसली. वर ठसठशीत कन्नड अक्षरं, आणि खाली उरलेल्या पट्टीत मालकाचं नाव मराठीत, शेवटची दोन अक्षरं अंग चोरून बसवलेली. २०२४ पासून पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं आहे.

मागाजवळच्या एका काकांना विचारलं, आता समितीचा आमदार नाही, तर अडतं कुठं?

"कागद कानडीतनं येतोय," ते म्हणाले. "पोराला वाचाय येतंय, मला नाही. तो कामावर गेला की मी कुणाकडं जायचं, सांगा बघू."

पंधरा टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, ही इथली जुनी मागणी. ती कायद्याला धरून आहे आणि तरीही दरवर्षी निवेदनं द्यावी लागतात, याचा मला मनापासून राग येतो.

तिथून टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आलो. झाडी दाट, माणसं फिरायला आलेली. कर्नाटकानं २००६ साली पहिल्यांदा बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन भरवलं. अधिवेशन सुरू व्हायचं त्या दिवशी समितीचा निषेधाचा महामेळावा भरायचा, आणि तो बहुतेक वेळा इथंच. पुढं २०१२ मध्ये हलग्याजवळ अधिवेशनासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत उभी राहिली. म्हणजे समितीचा आमदार निवडून आला की त्याची आसनं दोन: एक सौधात, एक मेळाव्याच्या व्यासपीठावर. बाहेरच्याला हा दुटप्पीपणा वाटेल. मला तसं वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या लोकांना आपलं म्हणणं मतपेटीतूनच मांडायचं होतं, आणि निवडून आल्यावर सभागृहात जाऊन बसणं हा त्याचाच भाग होता.

पण एकट्या आमदाराचं बळ ते किती! २२४ जणांच्या सभागृहात दोघे. संभाजी पाटील आमदार असतानाच, २०१४ च्या जुलैत, येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक न्यायालयाच्या आदेशावरून पाडला गेला आणि गावात लाठीमार झाला. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. २००४ मध्ये महाराष्ट्रानं दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयातच राहिला.

२०१८ ला समिती गटातटांत वाटली गेली आणि दोन्ही जागा गेल्या. २०२३ लाही शून्य. ज्या महापालिकेतून संभाजी पाटील वर आले, तिथं २०२१ मध्ये ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या. माझ्या मते खरं नुकसान इथलं आहे. दिल्लीतला निकाल कधी लागायचा तो लागो, पण गटार, पाणी, घरपट्टी आणि मराठी कागद या कामांसाठी दार ठोठावायचं ते नगरसेवकाचंच. महापौर म्हणून लोकांच्या ओळखीचा झालेला माणूस पुढं आमदार होऊ शकला, ती वाट महापालिकेतूनच जात होती.

महामार्गावरून धारवाडच्या दिशेनं निघालं की सौधाचे घुमट लांबूनच दिसतात. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. अधिवेशन नव्हतं, आत सोडत नव्हते. तसाच मागं फिरून खानापूरची एसटी धरली, कारण २०१३ च्या जोडीतला दुसरा मतदारसंघ अजून पाहायचा होता.