कॅलिब्रेशन झाले, तरी आकडे जुळेनात: नायट्रॉक्स ॲनालायझरचा माझा अनुभव

स्कूबा डायव्हिंगसाठी नायट्रॉक्स (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेला श्वसनाचा वायू) वापरणारा प्रत्येक जण पाण्यात उतरण्यापूर्वी आपल्या सिलेंडरमधील ऑक्सिजनचे प्रमाण स्वतः तपासतो, कारण कमाल खोली त्याच आकड्यावरून ठरते. माझा हातात मावणारा ॲनालायझर या कामी बरेच दिवस विश्वासाने साथ देत होता. मग एका टप्प्यावर त्याच्या रीडिंगमध्ये विचित्र तफावत दिसू लागली. 32 टक्क्यांच्या सिलेंडरवर तो 33.0 दाखवी, तर सोबतच्या डायव्हरचा ॲनालायझर त्याच सिलेंडरवर 32.1 दाखवी. 50 टक्क्यांच्या सिलेंडरवर मात्र दोन्ही यंत्रांचे एकमत होते: माझ्यावर 50.1, त्याच्यावर 50.0. सेन्सर खराब असेल तर त्याने एका ठिकाणी चुकावे आणि दुसऱ्या ठिकाणी अचूक असावे, हे मला पटेना.

या यंत्रातील सेन्सर गॅल्व्हानिक प्रकारचा असतो. पातळ पडद्यातून आत झिरपणारा ऑक्सिजन शिशाच्या ॲनोडशी रासायनिक क्रिया करतो आणि त्यातून ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या (वायूच्या एकूण दाबातील ऑक्सिजनच्या वाट्याच्या) प्रमाणात काही मिलिव्होल्ट निर्माण होतात. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला हवा दाखवून ‘आत्ता येणारे मिलिव्होल्ट म्हणजे 20.9 टक्के’ असे सांगणे. त्यापुढचे सारे गणित यंत्र सरळ रेषेत करते. थोडक्यात, एकच बिंदू ठरवायचा आणि बाकी रेषेवर भरवसा ठेवायचा.

सुरुवात मी सोप्या शक्यतांपासून केली. आकडा थरथरत नव्हता, त्यामुळे कनेक्टरवर संशय नव्हता. तरीही पिना पुसून, पुन्हा बसवून पाहिल्या. बॅटरी बदलली. सेन्सरवरून जाणारा वायू मिनिटाला एक ते दोन लिटरच्या आसपास ठेवला, कारण व्हॉल्व्ह जास्त उघडला तर पडद्यावर दाब साचून आकडा खोटा वर जातो आणि प्रवाह फारच कमी ठेवला तर बाहेरची हवा आत मिसळते. यांपैकी कशानेही फरक पडला नाही.

मग दोघांच्या पद्धतीतला फरक लक्षात आला. माझ्या यंत्राची माहितीपुस्तिका उघड्या हवेत कॅलिब्रेशन करण्याची मुभा देते आणि मी तसेच करत असे. सोबतचा डायव्हर मात्र साध्या हवेच्या सिलेंडरमधून वायू सोडून करत असे. डायव्हिंगच्या सिलेंडरमधील हवा जवळजवळ कोरडी असते. उलट 31 अंश सेल्सिअस तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या बाहेरच्या हवेत पाण्याची वाफच साडेतीन टक्क्यांच्या आसपास जागा घेते, म्हणजे ऑक्सिजन प्रत्यक्षात 20.2 टक्क्यांच्या जवळ उरतो. त्या दमट हवेला यंत्राने 20.9 मानले की पुढे कोरड्या वायूवरचे प्रत्येक रीडिंग तेवढ्याच पटीने फुगते, आणि 32 चे 33 होतात. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या 1.4 बार या मर्यादेने पाहिले तर कमाल खोली पावणेचौतीस मीटरऐवजी साडेबत्तीसच्या आत येते. खोलीच्या मर्यादेपुरती तरी ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

फक्त हवाच भरलेली आहे याची खात्री असलेल्या सिलेंडरवर मी नव्याने कॅलिब्रेशन केले. यंत्र थोडा वेळ सावलीत, वायूच्या सिलेंडरशेजारीच ठेवले होते, कारण सेन्सरमधील तापमान-भरपाईला बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. आता 32 च्या सिलेंडरवर 31.9 आले आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटले. पण 50 च्या सिलेंडरवर आकडा 48.4 वर येऊन थांबला. जे आधी बरोबर होते तेच आता चुकले होते, आणि खरे सांगायचे तर या सगळ्या खटाटोपातला हाच सर्वांत उपयोगी आकडा ठरला.

याचा अर्थ एकच निघत होता: दोन दोष एकमेकांना झाकत होते. आर्द्रतेमुळे आकडा वर जात होता आणि 50 टक्क्यांच्या आसपास दुसरे काहीतरी त्याला जवळपास तितकेच खाली ओढत होते. सेन्सर म्हातारा झाला की ऑक्सिजन वाढूनही त्याचे मिलिव्होल्ट त्या प्रमाणात वाढत नाहीत. रेषा वरच्या टोकाला वाकते. हवेवरचे कॅलिब्रेशन त्या रेषेच्या अगदी खालच्या टोकाला होते, त्यामुळे यंत्र ते निमूटपणे स्वीकारते.

शहानिशा करायला शुद्ध ऑक्सिजन लागतो. भरणा केंद्रातील ऑक्सिजनच्या सिलेंडरवर, तेथील जाणकाराच्या देखरेखीखाली व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून, आम्ही ती चाचणी केली. यंत्राच्या मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या स्क्रीनवर कोरड्या हवेत 9.4 दिसत होते. 20.9 चे 100 व्हायचे तर मिलिव्होल्ट 4.78 पटीने वाढायला हवेत, म्हणजे 45 च्या आसपास जायला हवेत. आकडा भराभर चढला, 41 पाशी मंदावला आणि 42.1 वर अडला. टक्केवारीत ते 93.6 होतात. निर्मात्याने दिलेली हवेतील मर्यादा 9 ते 13 मिलिव्होल्ट होती, म्हणजे केवळ हवेतला आकडा पाहून कोणीही या सेन्सरला उत्तीर्णच केले असते.

ही चूक पहिल्यासारखी सुरक्षित बाजूची नाही. वायू खरोखर 50 टक्क्यांचा असताना यंत्र 48.4 सांगत असेल, तर डिकम्प्रेशनसाठी, म्हणजे वर येताना शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून घेतलेल्या थांब्यांसाठी, वापरल्या जाणाऱ्या 1.6 बारच्या मर्यादेने 22 ऐवजी 23 मीटर खोली निघते, आणि डायव्हर आपण मर्यादेत आहोत असे समजून ती ओलांडतो.

नवा सेन्सर सीलबंद पाकिटातून काढून, सांगितलेला वेळ हवेत ठेवून मगच बसवला. कोरड्या हवेत त्याचे 11.6 मिलिव्होल्ट आले आणि ऑक्सिजनवर 55.2, अपेक्षा साडेपंचावन्नची होती. 50 च्या सिलेंडरवर 49.8 आले. हे दोन्ही मिलिव्होल्ट तारखेसह यंत्राच्या डबीत चिकटवून ठेवले आहेत, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन-चाचणीत तुलना करता येईल. जुना सेन्सर उघडून पाहण्याचा मोह आवरला, कारण त्यात शिसे आणि त्वचा भाजणारे अल्कली द्रावण असते. तो ई-कचऱ्यात दिला.