नावं लिहून दे

बुधवार, रात्र

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. साखर कारखान्यातल्या आमच्या ऊसबिलाच्या खात्यात माणसं जास्त झालीत, हे त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला, एक कोरी वजनपावती उलटी करून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. केन अकाउंटला सात माणसं जास्तच होतात. कोण दोघं नकोत, नावं लिहून दे."

पेन हातातच होतं. चहा निवला. एक अक्षर लिहिलं नाही.

आठ दिवस मनात घोकत होते काय बोलायचं ते. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, सात जागा आहेत हे मलाही माहीत आहे. पण त्या ठरल्या तेव्हा पावत्या गोणीतून यायच्या, खतावणी हाताने लिहायची, पंधरवड्याच्या बिलाला अण्णांनी रात्री जागवल्यात. आता काट्यावर ट्रॅक्टर चढला की वजन, शेतकऱ्याचा कोड, टोळीचा नंबर, सगळं आपोआप आमच्या कॉम्प्युटरवर येतं. दोन दिवसांचं काम आम्ही सातजण पंधरवडाभर पुरवतो. एकजण प्रिंट काढणार, दुसरा जुळवणार, तिसरा शिक्का मारणार. सोमवारी मी कोऱ्या रजिस्टरच्या पानांवर लाल पेनाने रेघा आखत बसले. त्या रजिस्टरमध्ये कुणी काही लिहिणार नाही हे ठाऊक असून तीन पानं आखली, पट्टी धरून, नीट. रात्री आईचा फोन आला, "दमलीस का गं?" हो म्हणाले.

ते "हो" अजून घशात आहे.

सांगायला गेले ते मात्र आबांसाठी, हे नक्की. गावात एका नावाचे दोन शेतकरी, कोडचा शेवटचा आकडा चुकला आणि आबांचं बिल दुसऱ्याच्या खात्यावर गेलं. प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावलेल्या पावत्या घेऊन ते आले. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच ते लिहिलंय. 2025-26 च्या हंगामात एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, साखरेच्या 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये होता, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, जे उरतं त्यावर त्यांच्या सोसायटीचं कर्ज उभं. आबांना 26 दिवस झाले होते. फाइल काढली तर बिलावर तपासल्याच्या चार टिका, बरोबरच्या खुणा. तिसरी माझी. वर दोन टिका दिसल्या म्हणून मी मारली, माझी दिसली म्हणून खालच्याने मारली. कोड कुणीच वाचला नाही. आबा रागावले नाहीत. "होतं बाई, एवढ्या गर्दीत," म्हणाले. त्यांना वाटलं आम्ही कामात बुडालेलो असतो.

म्हणून गेले. की रेघा आखायचा वीट आला म्हणून गेले? मघापासून हेच उलटसुलट चाललंय. काम नसल्याची लाज कुणाला सांगता येत नाही. पगार थकला तर बोलता येतं, काम जास्त झालं तर बोलता येतं. रिकामं बसवलं म्हणून रडणाऱ्या बाईला कोण जवळ करेल? घरी येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. एवढं धाडस केलं आणि हातात आली ती पाठकोरी पावती.

नावं. मामांची जमीन कारखान्याच्या यार्डात गेली, तेव्हापासून ते इथे आहेत. मावशींची दोन वर्षं राहिलीत. धाकटा दिवाळीआधी वडिलांच्या जागी लागला, अजून त्यांचाच डबा घेऊन येतो. शेवटी आलेला आधी जातो हा कामगार कायद्यातला जुना नेम. म्हणजे नाव लिहायचीही गरज नाही, ते लिहिलेलंच आहे. धाकट्याला काल मीच कोड लावायला शिकवलं. जाऊ दे.

साहेबांनी मला कोंडीत पकडलं असं सकाळपासून वाटत होतं. आता जेवल्यावर तसं वाटत नाही. तो कागद त्यांनी सरकवला तेव्हा माझ्याकडे बघितलं नव्हतं, खिडकीतून ऊस टाकतात त्या गव्हाणीकडे बघत होते. आमच्या खात्यात किती माणसं लागतात हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. नावं त्यांनाही लिहिता आली नसतील, नाहीतर कागद माझ्यापर्यंत आलाच नसता. सातजण राहणार आहेत. मामा निवृत्त होईपर्यंत तरी राहणार आहेत, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवंय.

पण चार टिका नकोत.

आत्ता पावती पर्समधून काढली. दुपारची घडी तशीच होती. नावांच्या जागी गावांचे गट लिहिले. एका गटाची बिलं पहिल्या पावतीपासून बँकेच्या यादीपर्यंत एकानेच करायची, खाली त्याची एकट्याची सही, आणि त्या गटातला शेतकरी आला तर त्यानेच उठून बोलायचं. सात माणसं, सात भाग. धाकट्याला लहान गट द्यावा, सुरुवातीला मी बघेन, असं कडेला लिहिलं.

पहिल्या गटापुढे माझं नाव लिहिलं. त्यात आबांचं गाव येतं.