निघताना घोडे नसतात

लंडनमध्ये नवा राजदूत आला की त्याला न्यायला राजवाड्याची घोडागाडी येते. राजापुढे अधिकारपत्र सादर करायचं, चार शब्द बोलायचे, त्याच गाडीतून परत यायचं आणि मग घोड्यांना गाजरं खाऊ घालायची, असा रिवाज. दिल्लीत गाजरं नसली तरी राष्ट्रपती भवनातला थाट काही कमी नसतो. तीन-चार वर्षांनी हाच माणूस निघतो तेव्हा मात्र साधी मोटार. वऱ्हाड येताना बँड आणि परतताना टेम्पो, तशातला प्रकार.

कागदोपत्री तर तो धड जातही नाही. त्याला परत बोलावल्याचं पत्र बहुतेक वेळा त्याच्या जागी येणारा माणूस आपल्या अधिकारपत्राबरोबर सादर करतो. म्हणजे आपण मायदेशी पोचून गॅसचा नंबर लावत बसलेलो असतो आणि तिकडे आपला अधिकृत निरोप दुसराच कोणीतरी घेत असतो!

आमचे मामा या नोकरीत होते. ऐंशीच्या दशकात एका छोट्या देशातून ते निघाले, तेव्हा तिथल्या राजदूतमंडळींनी त्यांना रिवाजाप्रमाणे चांदीचा ट्रे दिला. प्रत्येक राजदूताचं नाव आणि देश त्यावर कोरलेला. पुण्याच्या घरी मामी त्यातून चिवडा देते. मूठभर उचलला की खालून युगोस्लाव्हिया निघतो, आणखी थोडा खाल्ला की चेकोस्लोव्हाकिया. देश गेले, ट्रे आहे. मामा त्या निरोपाचं वर्णन करताना नेमके राजशिष्टाचारावर घसरतात: कोणाला आधी भेटायचं, कार्डाच्या कोपऱ्यात पेनने ‘पी.पी.सी.’ (म्हणजे फ्रेंचमध्ये ‘निरोप घ्यायला’) लिहून ते कुठे कुठे पाठवायचं. मामीची आठवण वेगळी. खोकी, याद्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बरण्या आणि कढीपत्त्याची कुंडी. ती कुंडी तिला आधीच्या बाईंकडून मिळाली होती, तिने ती पुढच्या बाईंच्या हवाली केली. पाणी किती घालायचं, ऊन कुठल्या खिडकीत येतं, सगळं लिहून दिलं. माझ्या मते त्या वकिलातीतला सगळ्यात नीट झालेला कार्यभार-हस्तांतरण हाच.

या सगळ्या रिवाजांना फाटा देऊन भारतातून गेलेला एक राजदूत मला फार आवडतो. मेक्सिकोचे कवी ओक्टाव्हियो पाझ. 1962 साली ते दिल्लीत राजदूत म्हणून आले. पृथ्वीराज रोडवरच्या बंगल्यात मोठा कडुनिंब होता. त्याच झाडाखाली त्यांनी मारी-जोझेशी लग्न केलं. 2 ऑक्टोबर 1968 रोजी, ऑलिंपिकला दहाच दिवस उरले असताना, मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर त्यांच्याच सरकारने गोळ्या झाडल्या. माणसं मेली. दिल्लीत बसून अशा सरकारचं प्रतिनिधित्व कसं करायचं? पाझ यांनी पद सोडलं.

आता सरकारवर रागावून निघालेल्याला निरोप कसा द्यायचा, हे राजशिष्टाचाराच्या कुठल्या वहीत असणार? इंदिरा गांधींनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. खाजगी जेवण, राजीव-सोनिया आणि काही मित्रमंडळी, एवढंच. पंतप्रधानांना दुसऱ्या देशाच्या सरकारवर जाहीर टीका करता येत नाही, पण जेवायला वाढता येतं. मग पाझ पतिपत्नी आगगाडीने मुंबईला निघाली. वाटेत स्टेशनांवर तरुण मुलं डब्यात चढून हार घालून जात होती. चांदीचा ट्रे कोणी दिला की नाही, याने काय फरक पडतो!

मुंबईत बोटीला अवकाश होता. एका रविवारी दोघं लाँचने घारापुरीला गेली. लेण्यांतल्या शिवपार्वतीला पाझ यांनी कवितेतून निरोप दिला. रविवार म्हटल्यावर तिथे काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे: सहली, डबे, माकडं, फोटो. पाझ यांच्या कवितेतही बेटावरचा कचरा येतो, आणि म्हणूनच मला ती कविता विश्वासाची वाटते. पुढे 1984 मध्ये इंदिराबाईंनी त्यांना नेहरू स्मृती व्याख्यानाला बोलावलं. ते निघाले आणि वाटेतच इंदिराबाईंच्या हत्येची बातमी आली. पुढच्या वर्षी राजीव गांधींच्या निमंत्रणावरून ते आले आणि व्याख्यान झालं.

हे सगळं मी मामा-मामीला मोठ्या रंगात येऊन सांगितलं. मामा म्हणाले, “राजीनामा दिल्यावर हे असं आगगाडीने फिरणं नियमात बसतं का, बघावं लागेल.” मामीने ट्रे पुढे सरकवला. “ते असू द्या. एवढ्या घाईत त्यांचं सामान कोणी बांधलं रे?”